समोरची नळी

चकरीमामा माणसाचं तोंड बघून बोलायचा नाही, नळी बघून बोलायचा. लोह्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात तो रक्त तपासायचा. काचेच्या बारीक नळीत रक्त घ्यायचं, एक टोक मेणानं बुजवायचं आणि चकरीत घालून पाच मिनिटं गरगर फिरवायचं. लाल तळाला बसतं, पिवळं पाणी वर राहतं. लाल किती, यावर माणसात जीव किती ते कळतं.

एकटी नळी फिरवली तर चकरी थरथरते. समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची दुसरी नळी लागते. बाकीचे तिथं पाण्याची नळी घालतात. मामा बाईसोबत आलेल्या पुरुषाचं रक्त घालायचा.

“मला काय झालंय?” नवरा गुरकायचा.

“तुम्हाला काय बी न्हाई झालं. तेच दाखवायचंय. बोट द्या.”

मग दोन्ही नळ्या खिडकीशी धरून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणायचा, “ही मालकाची, अर्धी लाल. ही मालकिणीची, तळाला चिमूटभर. एकाच चुलीवरचं खाता ना हो?” एकानं त्याच्या थोबाडीत दिली, चष्मा फुटला. दुसऱ्या दिवशी दोऱ्यानं बांधलेला चष्मा घालून मामा हजर. “बोट द्या.”

एक बाई हात जोडून म्हणाली होती, “नका मामा, घरी गेल्यावर मला मारतेत.” मामा थांबला नाही. ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

मी चळवळीत होतो; आमच्या घरी भाकरीआधी पत्रकं यायची. मायचं अंगावरून लई जात होतं, म्हणून तिला घेऊन गेलो, तेव्हाही पिशवीत मीच लिहिलेलं पत्रक होतं: ‘भगिनींनो, रक्त वाढवा.’ मामानं ते वाचलं आणि माझं बोट धरलं. माझी नळी सत्तेचाळीस टक्के लाल, मायची सतरा.

“भगिनींना कशाला सांगायलास?” तो म्हणाला. “त्या काय आपल्या हातानं आपल्याला वाढून घेतेत का? हे तू वाच. रोज, जेवायच्या आधी.”

रांग हसली. माय हसली नाही.

नांदेडला ऑपरेशन करायचं, तर आधी रक्त चढवायला हवं होतं. मी माझं द्यायला तयार होतो. माय म्हणाली, “लेकाचं रक्त घेऊन जगू? तुझ्यात काय राहील मग?” मी डॉक्टरांशी बोलत होतो तोवर ती एसटीत बसून गावी गेली. पंधरा दिवसांत संपली.

मामाला सांगायला गेलो. वाटलं, एक तरी मऊ शब्द बोलेल. त्यानं चकरी पुसता पुसता विचारलं, “जेवलास?”

“हो.”

“मंग झालं. जन्मभर तिनं तुला आधी वाढलं. जाताना बी तुलाच वाढून गेली.”

मी त्याला शिव्या दिल्या. तो पुसत राहिला.

पुढं तो निवृत्त होऊन उदगीरला लेकीकडं गेला, एवढंच ऐकलं. परवा नांदेडला बायकोला तपासायला घेऊन गेलो. तिला सहावा महिना आहे. तपासणारी पोरगी म्हणाली, “एकच नळी आहे, समोर पाण्याची घालते.”

मी बोट पुढं केलं.

“तुम्हाला काय झालंय?”

“काही नाही,” मी म्हणालो. “म्हणूनच.”