ऑइलरची वही

कागदावर छापलं होतं: ‘बिघाडाचे कारण – चालकाची चुकीची हाताळणी.’ त्याखाली बाबांच्या सहीसाठी रेघ मोकळी सोडली होती.

हे वाक्य ज्यांच्याबद्दल होतं, त्या माझ्या बाबांनी तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आहेत. ते ऑइलर होते. ऑइलरचं काम नावातच आहे. चार तासांच्या प्रत्येक वॉचला हातात टॉर्च आणि फडकं घेऊन यंत्रांभोवती फेऱ्या मारायच्या, तेलाची पातळी, दाब, तापमान बघायचं आणि वहीत लिहायचं. जे पाहिलं तेच लिहायचं. न पाहता आकडा लिहिणारा माणूस तिथे टिकत नाही, कारण त्या आकड्यावर वीस माणसांचा जीव अवलंबून असतो. केळशीला घरी येऊन सात वर्षं झाली तरी बाबा चहाच्या आधी मोटरपंपाला हात लावून बघतात, गरम लागतोय का ते.

गाडी त्यांनी हौसेसाठी घेतली नव्हती. जहाजावरच्या शिडीवरून पडल्यापासून त्यांचा डावा गुडघा पूर्ण वाकत नाही. क्लच दाबायचा म्हणजे कळ थेट मांडीपर्यंत. आमच्याकडे दवाखाना, बँक, बाजार, सगळ्यासाठी दापोली गाठावी लागते, आणि दुपारची एसटी चुकली की संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसायचं. आईला दर महिन्याला डोळ्यांच्या तपासणीला न्यावं लागतं. कुणाच्या रिक्षेत, कुणाच्या बाइकवर मागे बसून जाणं बाबांना जमत नाही. स्वतः गाडी चालवत जायची, तर गिअर आपोआप पडणारीच हवी होती.

शोरूममधल्या विक्रेत्यानं त्यांच्या पायाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “काका, डावा पाय आता घरी ठेवून यायचा.”

बाबा हसले होते. मला ते वाक्य तेव्हाही आवडलं नव्हतं. माझ्या आईनं उमेदीची वर्षं रस्ता, पाणी आणि एसटीच्या फेऱ्यांसाठी पत्रकं काढण्यात घालवली. घरी रद्दीत वर्तमानपत्रांपेक्षा पत्रकं जास्त असत, मी अक्षरं त्यांवरच गिरवली. त्यामुळे फार गुळगुळीत वाक्य कानावर आलं की माझा हात आपोआप पेन शोधतो. पण बाबा इतके खुश होते की मी गप्प बसले.

इंजिन लहान होतं, तीन सिलिंडरचं. त्याला टर्बो लावलेला. म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरानं एक छोटा पंखा फिरतो आणि तो जास्तीची हवा दाबून इंजिनात भरतो. लहान इंजिनावर कर कमी लागतो, कागदावर ते पेट्रोलही कमी पितं, आणि टर्बोमुळे जाहिरातीत मोठ्या इंजिनाची ताकद छापता येते. बाबांना टर्बो नवीन नव्हता. पहिल्याच दिवशी बॉनेट उघडून ते बराच वेळ बघत उभे राहिले.

“जहाजावर पण टर्बो असतो,” ते म्हणाले. “पण तिथं त्याच्याजवळ माणूस असतो. इथं कोण हाय?”

“तुम्ही आहात की,” आई म्हणाली.

आणि बाबा खरोखरच वॉचवर लागले. मुलांच्या शाळेची असते तसली दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या. रोज सकाळी इंजिन थंड असताना तेलाची पातळी दाखवणारी पट्टी काढायची, पुसायची, परत घालायची, काढायची, बघायची. गाडी किती चालली, कुठल्या रस्त्याला, काय आवाज आला, सगळं वहीत. घरी परतल्यावर टर्बो निवावा म्हणून इंजिन दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचे. आई ओट्यावरून म्हणायची, “अहो, पोचली बोट. बंद करा आता.”

दुसऱ्या महिन्यापासून पट्टीवरचं तेल उतरू लागलं. गळती नव्हती. गाडीखाली पुठ्ठा अंथरून बाबांनी ते तपासलं होतं, पुठ्ठा कोरडा. म्हणजे इंजिन तेल जाळत होतं. त्यातच गाडी हळू चालली असली की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मध्ये थरथर यायला लागली, दोनदा ती वाटेत बंदही पडली. बाबांनी गाडी रत्नागिरीला सर्व्हिस सेंटरवर नेली. केळशीहून रत्नागिरीला जाऊन येणं म्हणजे पूर्ण दिवस. तिथल्या सल्लागारानं, चाळिशीच्या, अतिशय गोड बोलणाऱ्या माणसानं, तेलाबद्दल सांगितलं, “काका, टर्बो गाडी थोडं तेल खातेच. नॉर्मल आहे.” थरथरीबद्दल सांगितलं, “ते पण नॉर्मल. सॉफ्टवेअर अपडेट करून देतो.”

बाबांनी परत येऊन वहीत लिहिलं: ‘अपडेट केले. थरथर कायम.’

मग तेल किमान खुणेच्या खाली गेलं. एका ऑइलरसमोर तेल किमान खुणेखाली गेलं तर तो काय करेल? तो तेल ओतेल. दीडशे किलोमीटरवरच्या माणसाची परवानगी घ्यायला तशीच गाडी चालवत जाणार नाही. बाबांनी गाडीच्या पुस्तकात छापलेला ग्रेड कागदावर उतरवला, दापोलीच्या दुकानातून नेमक्या त्याच ग्रेडचा सीलबंद डबा आणला आणि ओतलं. किती ओतलं, कुठल्या दुकानाचं, पावती वहीच्या कोणत्या पानाला टाचली आहे, सगळं लिहून ठेवलं.

शेवटचा दिवस आंजर्ल्याच्या चढणीवरचा. दापोलीहून तपासणी करून परतत होतो. आई मागच्या सीटवर होती, तिच्या डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे तिला समोरचं धूसर दिसत होतं. मी पुढे बाबांशेजारी. भर दुपार. वळणावर समोरून एसटी आली. आमच्याकडच्या रस्त्यावर अशा वेळी छोट्या गाडीनं थांबायचं, एसटीला जागा द्यायची. बाबा थांबले. एसटी हळूहळू घासत गेली. बाबांनी ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर दिला, गाडी इंचभर पुढे सरकली, थरथरली, समोर गिअरबॉक्स तापल्याचा लाल दिवा लागला, आणि मग गाडी मागे घरंगळायला लागली. इंजिन ओरडत होतं, चाकाला काही पोचत नव्हतं.

बाबांनी हँडब्रेक ओढला. “उतर. दगड लाव,” ते म्हणाले, आवाज जराही न चढवता. मी उतरले आणि रस्त्याकडेचा एक जांभा दगड ढकलत मागच्या चाकाला लावला. मागे कठडा नव्हता. खाली माडांचे शेंडे दिसत होते. आई आतून विचारत होती, “आलं का घर?”

आमच्या गावातला मासळीचा टेम्पोवाला मागून आला तेव्हा बाबा बॉनेटजवळ वही घेऊन लिहीत होते. टेम्पो वीस वर्षांचा, दरवाजा दोरीनं बांधलेला.

“काय तांडेल,” बाबांना बोटीचा म्होरक्या ठरवत तो म्हणाला, “नांगर टाकलात वाटतं.”

“गिअरबॉक्स गेला.”

“आणि तुम्ही काय, मृत्युपत्र लिवताय? चला, वहिनींना पुढे बसवा. तुम्ही मागे बसा पापलेटाबरोबर. नवीन गाडीला वास नको लागायला म्हणून तिला इथंच ऱ्हाऊ दे.”

बाबा खरंच मागे बसले, डावा पाय लांब करून, बर्फाच्या पेट्यांमध्ये. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढवून गाडी रत्नागिरीला गेली. तिसऱ्या दिवशी आम्ही. आणि इथे बाबांनी ती गोष्ट केली जी मी त्यांच्या जागी असते तर केली नसती. त्यांनी वही सल्लागाराच्या हातात दिली. इंजिनरूममध्ये बिघाड झाला की आधी लॉग वरच्या इंजिनिअरसमोर ठेवायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. लॉग पाहून वरचा माणूस दोष शोधतो. त्यांना वाटलं, इथेही दोषच शोधणार आहेत.

सल्लागारानं वही आत नेली. तासाभरानं तो वही परत घेऊन आला, सोबत तो छापील कागद. वहीतल्या दोन पानांचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होते.

“काका, हे तुमचंच अक्षर ना? बाहेरचं तेल टाकलंय.”

“ग्रेड तोच हाय. पावती टाचलेली हाय.”

“कंपनीच्या छापाचा डबा नाही. म्हणजे इंजिनची वॉरंटी बाद. आणि हे बघा, ‘चढणीवर थांबलो. ॲक्सिलरेटर दिला.’ त्यानं क्लच जळतात. आत दोन क्लच असतात, कॉम्प्युटर चालवतो ते. चढणीवर असं थांबायचं नसतं.”

“समोर एसटी होती.”

“ते बरोबर, पण सिस्टिम ते बघत नाही.”

“मग मी काय करायचं? एसटी उभी करून तिच्या ड्रायव्हरला सांगायचं, बाबा रे, तू मागे जा, माझा गिअरबॉक्स नाजूक हाय?”

सल्लागार हसला. मग अगदी मायेनं म्हणाला, “काका, तुम्ही ही सही करा. सही केलीत तर मी वरती बोलून सवलतीत नवा गिअरबॉक्स बसवून देतो. आठवड्यात गाडी दारात. नाहीतर अशीच उभी राहील.”

एवढंच होतं सगळं. सही केली तर गाडी, आणि गाडी म्हणजे बाबांचं स्वतःच्या पायानं दापोलीला जाणं. त्याबदल्यात त्यांनी लिहून द्यायचं की यंत्र त्यांनी बिघडवलं.

माझं डोकं पेटलं होतं. यंत्र तेल खातं ते ‘नॉर्मल’, आणि ते तेल भरणं ही ‘चुकीची हाताळणी’. थरथर ‘नॉर्मल’, आणि चढणीवर थांबणं ‘चुकीची हाताळणी’. कोकणात गाडी विकायची आणि चढण ही चालकाची चूक धरायची. विकताना आमचे रस्ते कुणाला आडवे आले नव्हते. तो विक्रेता बाबांच्या पायाकडे बघत होता, तेव्हा केळशीला सपाट रस्ता नाही हे त्याला ठाऊक नव्हतं का? आणि सगळ्यांत संताप कशाचा, तर माणसाच्या खरेपणाला पुरावा म्हणून त्याच्यावरच उलटवल्याचा. वही ठेवली नसती, पट्टी कधी बघितली नसती, चारचौघांसारखं ‘मी काही केलं नाही साहेब’ म्हटलं असतं, तर बाबा सुटले असते. ही व्यवस्था खोटं बोलायला शिकवते आणि त्याला ग्राहकसेवा म्हणते.

बाबांनी सही केली नाही. “वाचून सांगतो,” म्हणाले, आणि कागद घडी करून वहीत ठेवला.

घरी येऊन मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता ‘ही गाडी की मृत्यूचा सापळा’. सकाळी ते बाबांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि पेन्सिल घेतली.

“मेलं कोण?” त्यांनी विचारलं.

“मरू शकलो असतो.”

“मग तसं लिव. ‘गाडी उतारावर मागे गेली, चाकाला दगड लावला.’ आणि हे काय, ‘रोज बंद पडणारी’? तीनदा बंद पडली. वहीत हाय.”

“बाबा, पत्रक असंच लिहितात. लोकांना चटका बसला पाहिजे.”

“बाय गो, त्यांनी माझ्या दोन ओळी घेतल्या नि बाकीची वही टाकली. तू पण तेच करतीस.”

आई आतून म्हणाली, “ऐक त्यांचं. मी ‘शेकडो महिला’ लिहायचे आणि मोर्चाला अकरा यायच्या. तहसीलदार मोजायचा.”

मला राग आला, बाबांचाच. दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी ती वही पहिल्यापासून वाचायला घेतली. एकही विशेषण नव्हतं तिच्यात. ‘तेल दोन रेघा कमी.’ ‘थरथर, तीन वेळा.’ ‘सल्लागार म्हणाले नॉर्मल.’ ‘तेल दोन रेघा कमी.’ ‘तेल किमान खुणेखाली. ओतले.’ पानामागून पान. सल्लागारानं टाकून दिलेलं सगळं तिथे होतं, तेल उतरत असल्याचं आधी आणि ओतल्याचं नंतर. मी माझं पत्रक फाडलं. आता जे लिहिते आहे तेही त्या वहीइतकं कोरडं मला जमलेलं नाही, हे मला कळतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा रत्नागिरीला गेलो, एसटीनं. बाबांनी सल्लागाराकडून पेन मागून घेतलं. त्याला वाटलं, सही. बाबांनी छापील वाक्यावर एक सरळ रेघ मारली, जशी लॉगमध्ये चुकीच्या नोंदीवर मारतात, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: ‘नोंद चुकीची आहे. तेल कमी होत होते म्हणून ओतले. समोर एसटी होती म्हणून थांबलो.’ आणि त्याखाली सही केली.

“काका, असं चालत नाही,” सल्लागार म्हणाला. “सिस्टिम हे घेणार नाही.”

“कागदानं घेतलंय,” बाबा म्हणाले, आणि झेरॉक्स मागितली.

सवलत गेली. गाडी त्यांच्या आवारात पत्र्याच्या कुंपणाला लागून उभी आहे. आम्ही ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे, तिला पूर्ण वहीची प्रत जोडली आहे, दोन पानांची नव्हे. निकाल कधी लागेल, काय लागेल, मला माहीत नाही. आईच्या तपासणीला बाबा तिला एसटीनं नेतात, डावा पाय मधल्या वाटेत लांब करून. लोक त्यावरून ओलांडून जातात, कुणी कुणी बोलतंही.

वही मात्र बंद झालेली नाही. परवा मी ती उघडली. रोजची ओळ रोजच्या जागी होती, त्याच अक्षरात: ‘गाडी रत्नागिरीत. तेल पाहता आले नाही.’