बेलावरचा स्टे

न्यायालयाच्या हुकुमावर देवापेक्षा जास्त श्रद्धा असलेली माणसं या देशात किती असतील ते मला ठाऊक नाही. मला आयुष्यात एकच भेटली, आणि ती म्हणजे बनारसला रामघाटावर आम्ही ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो त्या आमच्या घरमालकीणबाई. बँकेने साताऱ्याहून उचलून मला थेट गंगेकाठी नेऊन टाकलं, तेव्हा मराठी बोलणारी घरमालकीण मिळाली म्हणून माझी बायको हरखून गेली होती. या काकूंच्या सासरची काशीत कितवी पिढी होती, हे त्यांनाही नक्की सांगता येत नसे. चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवलेला, नवरा जाऊन बराच काळ झालेला, मराठी घरातली आणि तिच्यात हिंदी मुक्कामाला आलेली. पहिल्याच दिवशी किल्ली देताना त्या म्हणाल्या, "घर आपलंच समजा. पाणी सकाळी येतं, बंदर दुपारी येतात. फक्त मागच्या आंगणातल्या पेडाला हात लावायचा नाही. स्टे आहे."

ते पेड म्हणजे एक जुना, भला थोरला बेल. काकूंचं आणि शेजारच्या तिवारीजींचं अंगण यांच्यामध्ये एक पडीक भिंत होती आणि बेलाचा बुंधा त्या भिंतीतूनच वर आला होता. अर्ध्या फांद्या इकडे, अर्ध्या तिकडे. तिवारीजी रेल्वेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. एकदा त्यांनी माकडांचा रस्ता बंद करावा म्हणून एक फांदी छाटायला माणूस बोलावला. काकूंनी विचारलं, "हमसे पूछा?" तिवारीजी म्हणाले, "अपना पेड़ काटने के लिए क्या पूछना, बहनजी?" बस. एवढ्या एका 'अपना' शब्दावरून मुकदमा उभा राहिला. "फांदीचं काही नव्हतं हो," काकू मला सांगायच्या, "विचारलं असतं तर शिडी मीच धरून उभी राहिले असते. पण माझ्या आजेसासऱ्यांनी लावलेलं पेड त्यांचं कसं?" तिवारीजींच्या मते ते त्यांच्या आजोबांनी लावलं होतं. कोर्टाने हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत दोघांपैकी कोणीही झाड तोडायचं नाही, त्याचं पान-फळ घ्यायचं नाही, सगळं आहे तसं ठेवायचं.

दुसरा कोणीही असता तर असा हुकूम कपाटात ठेवून रोज पानं खुडत बसला असता. काकू मात्र परसात बेल असूनही महादेवाला वाहायचं बेलपत्र संकठा घाटाजवळच्या माळ्याकडून विकत आणत. वाऱ्याने त्यांच्या बाजूला पानं पडली की ती झाडून भिंतीशी नीट ढीग करून ठेवत. न्यायाधीशांनी मागितली तर हजर करता आली पाहिजेत, अशा बेताने. माझ्या बायकोने एका सोमवारी नकळत खाली पडलेलं एक त्रिदळ उचललं, तर काकूंनी तिला हाताला धरून नेलं आणि ते होतं तिथे परत ठेवायला लावलं. माकडं बेल तोडून खुशाल दोन्ही गच्च्यांवर आपटत. काकू खालून त्यांच्याकडे बघत हळहळायच्या, "यांच्यावर कोर्टाची अवमानना लावता येत नाही ना. वकीलसाहेबांना विचारलं मी." आणि त्यांनी खरंच विचारलं होतं. तारखेच्या आदल्या संध्याकाळी मला खाली बोलावून मोबाइलवर केसचं पान उघडायला लावत आणि 'पुढील तारीख' या दोन शब्दांकडे, लोक नातवंडांच्या फोटोकडे बघतात तशा बघत. एकदा कोर्टाचा अमीन मोजणीला आला. काकूंनी त्याला साबुदाण्याची खिचडी दिली, तिवारीजींनी कचौडी-जिलबी. त्याने दोन्ही निःपक्षपातीपणे संपवली, फीत लावली आणि झाड बरोब्बर मधोमध आहे असं लिहून निघून गेला. त्या दिवशी दोन्ही घरं सारखीच नाराज होती.

पुढे मे महिन्याच्या अखेरीस धुळीची मोठी आंधी आली आणि तिवारीजींच्या बाजूची सर्वांत जाड फांदी बुंध्याजवळ फाटली. पडली मात्र नाही. तिवारीजींच्या मागच्या खोलीच्या टिनाच्या छपरावर, कुणी वरून ओढून धरल्यासारखी अधांतरी राहिली. त्या खोलीत त्यांची बायको झोपून असे. तिची एक बाजू लुळी पडली होती; खाली दुसरी खोली नव्हती, वरच्या मजल्यावर नेणं तिवारीजींच्या आवाक्याबाहेर होतं आणि मुलगा नोकरीला बंगळुरात. कोर्टाला आता जूनभर सुट्टी. वकिलाचा फोन लागेना. गल्लीत मला गाठून तिवारीजी हलक्या आवाजात म्हणाले, "काटूँ तो अवमानना, न काटूँ तो छत इनके ऊपर. आपकी बहनजी तो एक-एक पत्ते का हिसाब माँगती हैं."

मी वर न जाता आधी काकूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या डाळ निवडत होत्या. ताट बाजूला ठेवून मागच्या दारात गेल्या, फांदीकडे बराच वेळ पाहिलं आणि चपला घालून निघाल्या. मुकदमा सुरू झाल्यापासून प्रथमच त्या तिवारीजींच्या पुढच्या दाराने आत गेल्या. मी मागोमाग.

"इनको हमारे यहाँ ले चलिए," त्या म्हणाल्या.

"आपके यहाँ?" तिवारीजी गांगरले. "बहनजी, मुकदमा चल रहा है."

"मुकदमा पेड़ का है, इनका नहीं."

घाटावरून दोन नावाडी बोलावले. ते दोघे, मी आणि तिवारीजी, अशा चौघांनी खाट उचलली आणि गल्लीत आलो. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाच्या इतक्या जवळच्या गल्लीत चौघांच्या खांद्यावर काही दिसलं की लोक आपोआप भिंतीला चिकटून उभे राहतात. एका पानवाल्याने तर हात जोडून "राम नाम सत्य है" सुरूही केलं. काकू छत्री उगारून धावल्या, "ज़िंदा है! हटो! अभी ज़िंदा है!" खाटेवर तिवारीणबाई हसू लागल्या. अर्ध्याच चेहऱ्याने, पण इतक्या की खाट हलायला लागली.

काकूंनी त्यांना आपल्या पुढच्या खोलीत, स्वतःच्या पलंगावर झोपवलं आणि स्वतः खाली गादी टाकली. चौथ्या-पाचव्या दिवशी भर दुपारी मागे धडाड् असा आवाज झाला. फांदी छप्पर घेऊनच खाली आली होती आणि पडता पडता मधल्या भिंतीचा मोठा तुकडाही घेऊन गेली होती. जिथे खाट असायची तिथे पत्र्याचा आणि लाकडाचा ढीग होता. तिवारीजी तिथेच अंगणात मटकन बसले. काकूंनी त्यांना पाणी दिलं. "पेड़ आपका ही सही, बहनजी," ते म्हणाले. "ते कोर्ट बघेल," काकू चक्क मराठीत म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावत आत गेल्या.

पडलेल्या फांदीवर पिवळेजर्द, पिकलेले बेल होते. त्यांचा वास घरभर पसरला. तिवारीणबाईंना तो आला असावा; जड जिभेने त्या म्हणाल्या, "बहनजी, शरबत." काकू दारात उभ्या राहिल्या. ती फळं वादग्रस्त मालमत्ता होती. एवढी वर्षं त्या झाडाचं पान त्यांनी देवालाही वाहिलं नव्हतं. मग त्या पुढे झाल्या, एक बेल उचलून पायरीवर आपटून फोडला, गर काढला, कुस्करून गाळला, गूळ घातला आणि चमच्याचमच्याने तिवारीणबाईंना पाजला.

"बहनजी, स्टे?" तिवारीजी घाबरून म्हणाले.

"मैंने तोड़ा है। मैं ही बताऊँगी."

आणि जुलैत कोर्ट उघडल्यावर त्यांनी खरोखरच सांगितलं. वकील कोपराने ढोसत असताना उभ्या राहून म्हणाल्या, "हुज़ूर, आपका हुक्म हमने तोड़ा है। बेल का शरबत बनाया." न्यायाधीशांनी सगळी हकिगत ऐकली, दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, आता काय हवंय. तिवारीजी म्हणाले, झाड दोघांचं. काकूंनीही होकाराने मान हलवली. मुकदमा मिटला.

भिंत बांधायला गवंडी आला, तेव्हा काकूंनी त्याला मध्ये तिवारीणबाईंची नवी चाकाची खुर्ची जाईल एवढी जागा सोडायला लावली. तिवारीजींना मात्र बजावलं, "याने माझा हक्क कमी होत नाही हं. समझ लीजिए." त्यानंतर तिवारीणबाई रोज संध्याकाळी त्या फटीतून काकूंच्या अंगणात येऊन बसत. काकू त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत, त्यातही कोर्टाच्या बातम्या आधी.

माझी बदली झाली. मागच्या थंडीत कामानिमित्त बनारसला गेलो, तेव्हा काकूंना भेटायला गेलो. पुष्कळ वाकल्या होत्या. तिवारीणबाई पावसाळ्यातच गेल्याचं त्यांनीच सांगितलं. अंगणात बोचरं वारं येत होतं. भिंतीतली ती जागा तशीच उघडी होती आणि काकूंची खुर्ची तिच्याकडे तोंड करून ठेवलेली. मी म्हटलं, "काकू, आता बुजवून घ्या ना ती. निदान एखादं दार तरी."

काकूंनी नकारार्थी मान हलवली.

"तिला जोरात हाक मारता यायची नाही हो," त्या म्हणाल्या. "बंद केलं तर ऐकू येणार नाही, असंच वाटतं."