शेऱ्याचा रकाना

माझ्या हातून आयुष्यात जी थोडीफार लोकसेवा झाली, तिच्यात एका म्हाताऱ्या बाईचं पोट मारलं गेलं. पुढे मी लोकसेवा सोडतोय म्हणून जाहीर केलं, तेव्हा इमारतीतल्या एकानंही मला थांबवलं नाही. यावरून काय ते ओळखा.

नव्वदनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. घणसोली गावाला चिकटून ज्या तीन नव्या इमारती उठल्या, त्यांतल्या मधल्या इमारतीत आम्ही राहायचो. राहणारे बहुतेक साताऱ्याकडचे. कुणी घाऊक बाजारात पाठीवर गोणी वाहणारे, कुणी त्या गोणी मोजणारे. मी मोजणाऱ्यांतला. कांद्या-बटाट्याची आवक वहीत चढवायचो, त्यामुळे इमारतीत मला विद्वान समजत, आणि दुर्दैवानं मीही समजायचो.

आमच्या इमारती आणि गाव यांच्यामध्ये एक मोकळा तुकडा पडून होता. पूर्वी तिथं भात व्हायचं. आता गवत, एक फुटलेली पाण्याची टाकी, आणि एका कडेला निळ्या प्लास्टिकवर पसरलेला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी. तो गावातल्या एका म्हातारीचा. तिला सगळे मावशी म्हणायचे. खाडीवरून ओला जवळा आणायचा, वाळवायचा आणि आमच्याच जिन्यांतून दारोदार मापानं विकायचा, यावर तिचं चालायचं. त्या भातशेतातला एक तुकडा तिच्या नवऱ्याचा होता. जमीन गेली, नवरा गेला, तिथलं ऊन तेवढं तिच्याकडे राहिलं होतं. गावात घराला घर लागलेलं, हातभर अंगणावरसुद्धा भाडेकरूची मोरी आलेली. जवळा पसरायला तिला दुसरी जागाच नव्हती.

वास यायचा, खोटं कशाला बोलू. पण संध्याकाळी तोच जवळा तिन्ही इमारतींत कांद्यावर परतला जायचा, तेव्हा वासाची तक्रार कुणी करत नसे.

मग बातमी आली की तो तुकडा बिल्डरला जाणार. आम्ही चौघे-पाच जण नियोजनाच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब भले वाटले. म्हणाले, "जागा मोकळी ठेवता येईल. पण कुंपण, गवत, राखणदार याचा खर्च निम्मा आम्ही करू, निम्मा रहिवाशांनी दरमहा द्यायचा. सगळ्यांचं मत लेखी आणा. मागाहून बोंब नको."

लेखी म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही नम्रपणे माझ्याकडेच पाहिलं.

परतताना मावशी जवळा उलटा-पालटा करत बसली होती. तिनं विचारलं, "भाव, ही जागा गेली तं मी जवला काय डोक्यावर सुकवू?"

"मावशी, तुमची जागा मी वाचवतो," मी म्हटलं. असं वाक्य माणूस नाटकात बोलतो, आणि लगेच पडदा पडतो. इथं पडदा नव्हता.

ती खूश झाली. "मंग माजा पन नाव घाल. मी पन पैशे देन."

मी काखेतली वही उघडली. बाजारातल्या सवयीनं मी साहेबांच्या कचेरीतल्या बाकावरच पट्टी घेऊन रकाने आखले होते: अनुक्रमांक, नाव, खोली क्रमांक, संमती, शेरा.

"मावशी, खोली नंबर काय लिहू?"

"माजी खोली नाय रं. घर हाय."

"मग रकाना रिकामा राहतो ना."

तिनं वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ऱ्हाऊ दे रिकामा."

रिकामा रकाना! मला वाटलं, ही बाई अडाणी आहे. मी तिला समजावलं की तुमचं नाव नसलं तरी काही बिघडत नाही, मी आहे ना. तिनं मला कागदात बांधून पसाभर जवळा दिला. मी घेतला.

संमती गोळा करायला रविवारी सकाळी अध्यक्षांच्या घरापासून सुरुवात केली. अध्यक्ष बटाट्याचे व्यापारी, तळमजल्यावर राहणारे. त्यांच्या घरी दहाबारा बायका-माणसं आधीच जमली होती, चहा फिरत होता आणि मतं उतू चालली होती.

"आवं, मोकळी जागा मोकळीच हाय की. तिला पैसं कशाला?" एक हमाल म्हणाले. दुसऱ्यांचं म्हणणं, सरकारनं घर विकत दिलं, आता खिडकीतून दिसणारंही विकत द्यायला निघालंय. अध्यक्षांना तिथं टेम्पो लावायला जागा हवी होती, पण तसं न म्हणता ते 'सर्वांगीण विचार' असं म्हणत होते. एक वहिनी म्हणाल्या, "बिल्डर आला तर समोर भिंत येईल, वाळत घातलेले कपडे वाळायचे नाहीत." हा मुद्दा सगळ्यांना पटला. हवा, झाडं, पुढच्या पिढ्या यांच्यावर मी बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. ओल्या कपड्यांवर मोकळी जागा वाचली.

"बरं, सही कुठं करायची? आणि हे शेरा काय?" वहिनींनी विचारलं.

आता इथं माझी जीभ, म्हणजे त्या दिवशी माझं पेन, आडवं आलं. दहा माणसं माझ्याकडे बघतायत, हातात वही आहे, आणि मी गप्प बसेन? नमुना म्हणून पहिल्या ओळीत मी माझं नाव लिहिलं, खोली क्रमांक लिहिला, संमती 'आहे' लिहिलं, आणि शेऱ्यात, सगळ्यांना दिसेल असं वही फिरवून, लिहिलं: 'जवळ्याचा वास बंद होणार असल्यास.'

घर दणाणलं. अध्यक्षांना ठसका लागला. हमाल मांडी थोपटून म्हणाले, "ह्ये लई ब्येस लिवलं!" माझी बायको दारात उभी होती. ती तेवढी हसली नाही. "अहो, खोडा ते," ती म्हणाली.

खोडू? मी? बाजारातल्या वहीत खाडाखोड झाली की अख्खं पान बाद व्हायचं. आयुष्यभर जपलेला तो एकच सद्गुण मी त्या दिवशीही जपला. शिवाय लोक अजून हसत होते.

वहिनींनी दुसऱ्या ओळीत सही केली, आणि शेऱ्यात काय लिहावं ते न सुचल्यानं माझ्या ओळीखाली दोन टिंबं काढली. म्हणजे वरीलप्रमाणे. तिसऱ्यानं टिंबं काढली. अध्यक्षांनी टिंबं काढली. मी दुसऱ्या इमारतीत गेलो, तिथं कुणाला हा विनोद माहीतही नव्हता. त्यांनी वरच्यानं टिंबं काढली म्हणून टिंबं काढली. तिसऱ्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर एक आजोबा चष्मा शोधत होते. मी म्हटलं, "आजोबा, नुसती दोन टिंबं काढा."

वही मिटताना मला जरा खटकलं. पण मी स्वतःला समजावलं की शेरा वाचतो कोण? एवढ्या वर्षांत मी बाजारातल्या वहीत एकही शेरा वाचलेला नव्हता.

साहेबांनी फक्त शेरा वाचला.

"वा," ते पानं उलटत म्हणाले. "इतकं एकमत मी कुठल्याच वसाहतीत पाहिलं नाही."

"साहेब, ती जरा गंमत होती."

"सगळ्यांची?"

त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुम्हीच ना? अक्षर छान आहे."

खरं तर तिथंच सांगायचं होतं की साहेब, ती वही फाडा, मी नवी आणतो. पण अक्षराचं कौतुक झालं होतं. आणि पुन्हा तीन इमारतींचे जिने चढायचे म्हणजे गुडघे दुखले असते. एका बाईचं घर चालणं आणि माझे गुडघे यांत मी गुडघे निवडले. हे मी हसत सांगतोय म्हणून तुम्हीही हसलंच पाहिजे असं नाही.

महिन्याभरात कुंपणाचे खांब आले. मावशीच्या हातात घमेलं होतं, ती खड्डे खणणाऱ्यांकडे कौतुकानं पाहत होती. मला बघून म्हणाली, "बरा केलास रं भाव. कुत्री लई त्वांड घालाची. आता नाय येनार."

मी म्हटलं, "हो. कुत्री नाही येणार."

तारा लागल्या, फाटक लागलं, आणि फाटकावर पिवळी पाटी आली. मावशीला वाचता येत नव्हतं. तिनं मलाच थांबवलं. "काय लिवलाय?"

पाटीवर दोन वाक्यं होती. मी वरचं वाचलं: "ही जागा रहिवाशांसाठी मोकळी राखून ठेवली आहे."

"आनि खाली?"

"तेच. वरीलप्रमाणे."

खाली लिहिलं होतं की रहिवाशांच्या एकमुखी मागणीनुसार इथं मासळी वाळवण्यास मनाई आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा जवळा पसरलेला होता. राखणदार आला, त्यानं आधी हाका मारल्या, मग खराटा घेतला आणि सगळा जवळा लोटत लोटत गटारात ढकलला. मावशी धावत आली तोवर प्लास्टिक रिकामं झालं होतं. तिन्ही इमारतींच्या बाल्कन्या भरल्या होत्या. कुणी दात घासत होतं, कुणी चहा पीत होतं. राखणदारानं तिला पाटीवरची खालची ओळ वाचून दाखवली, तशी ती खालून ओरडली, "कोनी लिवला ह्या? कोनी लिवला, सांगा ना!"

मग अध्यक्षांनी, सर्वांगीण विचार करून, माझ्या बाल्कनीकडे बोट दाखवलं. "पहिली सही त्यांची हाय, मावशी. आमी नुसती टिंबं काढली."

सगळे हसले. ते हसणं म्हणजे माझ्या विनोदाला मिळालेली दुसरी दाद होती. मी आत सरकलो आणि बायकोला म्हटलं, "ती वर आली तर सांग, घरी नाही."

ती वर आलीच नाही.

त्यानंतर ती रस्त्याच्या कडेला, कुंपणाच्या बाहेर बसू लागली. खडी भरलेले ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे. सगळी धूळ जवळ्यावर. आत गवत लावलं, ते एका उन्हाळ्यात वाळलं. राखणदार दुपारी फुटक्या टाकीच्या सावलीत झोपायचा. आत बसायला कुणीच जात नसे, कारण बसायला जायचं कशाला, बाल्कनीतून दिसतच होतं. इमारतीच्या सभेत तक्रार आली ती एवढीच की हल्ली जवळ्यात वाळू फार लागते. अध्यक्ष म्हणाले, मावशीला कुणीतरी समज द्या.

ते काम कुणाकडे आलं असेल, सांगायला नको.

मी गेलो. पिशवी नेली होती, म्हणजे गिऱ्हाईक वाटेन. तिनं माप भरलं, काठावरून हात फिरवला, पिशवीत ओतलं. मी पैसे दिले आणि घसा खाकरून म्हटलं, "मावशी, तेव्हा तुमचं नाव घालायचं राहिलं."

ती पदरानं पुढच्या मापातली धूळ झटकत होती. मान वर न करता म्हणाली, "बरा झाला राहिला. मना तं वाचता येत नाय. तू सांगलास तिथं मी पन दोन टिपकं काडली असती."

वाळूचं मी काही बोललो नाही. घरी बायकोनं जवळा चार पाण्यांत धुतला. जेवताना पहिल्याच घासाला दाताखाली खडा आला. बायको माझ्याकडे बघत होती, म्हणून मी तो गिळला.