स्टेबल आणि बेटर

"मॅडम, दोन्ही सारखेच असतील, तर दोन शब्द कशाला ठेवले?" असं म्हणत ते दोन बोटं वर करायचे, आणि वर्गातली कॉलेजची मुलं पेनं खाली ठेवायची. आता दहा मिनिटं तरी धडा पुढे सरकणार नाही, हे त्यांना ठाऊक असायचं.

कर्वेनगरात मी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. ते माझे सर्वांत वयस्कर विद्यार्थी. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे. पुण्यात तीस वर्षं काढूनही तिकडचा 'जी' त्यांनी सोडला नव्हता. या वयात इंग्रजी कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"बायकोचा इलाज चालू आहे. डॉक्टर आपसात इंग्रजीत बोलतात जी, आणि मी नुसता त्यांच्या तोंडाकडे पाहून राहतो."

असा चिकट माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. एकदा 'बिग' आणि 'लार्ज'चा अर्थ मी एकच सांगितला, तर उठून म्हणाले, "माय लार्ज ब्रदर लिव्ह्ज इन नागपूर." वर्ग हसला. इथे 'बिग'च लागतो, मी म्हणाले.

"का?"

"तसंच म्हणतात."

"भाऊ लठ्ठही आहे. तरी चालत नाही?"

त्यांच्यापुढे माझं बरंचसं इंग्रजी 'तसंच म्हणतात'वर येऊन थांबायचं.

एका मंगळवारी ते अर्धा तास आधीच आले. बोटं वर केली नाहीत.

"मॅडम, 'स्टेबल' आणि 'बेटर' यांत फरक किती?"

"बेटर म्हणजे आधीपेक्षा बरं. स्टेबल म्हणजे आहे तसंच."

"म्हणजे बरं नाही?"

"वाईटही झालेलं नाही."

ते बाकावर बसले. आदल्या दिवशी डॉक्टर 'स्टेबल' म्हणाले होते, आणि यांनी बायकोला सांगितलं होतं, तुला आता बरं आहे. दोन वर्षं ती म्हणत होती, बरी झाले की भंडाऱ्याला बहिणीकडे जाईन. तिनं लगेच तिकिटं काढायला लावली होती.

"प्रवास झेपेल का, ते डॉक्टरांना विचारा," मी म्हणाले. "आणि घरी बायकोला खरं काय ते सांगा."

गुरुवारी आले. डॉक्टर हो म्हणाले होते.

"आणि घरी सांगितलंत?"

"सांगितलं. ती साड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, इंग्रजी तुम्ही शिकता जी, पण अंग तर माझं आहे. मला कळत नव्हतं का?" ते हसले, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

'लार्ज'साठी माझ्याशी भांडणारा माणूस 'स्टेबल'ला चुकला कसा? खरंच चुकला, की त्याला एकदा तरी तिला 'बरं आहे' असं सांगायचं होतं? आणि तिला कळत होतं, तर तिनं तिकिटं का काढायला लावली? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

महिन्याभरानं ते परतले, एकटे. ती तिकडेच, बहिणीच्या घरी वारली. वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसले. मी मुद्दाम फळ्यावर 'हियर' आणि 'लिसन' लिहिलं, दोन्हींचा अर्थ 'ऐकणं' असा एकच सांगितला आणि थांबले. त्यांनी दोन्ही शब्द वहीत उतरवून घेतले. विचारलं काहीच नाही.

सगळे गेल्यावर त्यांनी पिशवीतून संत्रा बर्फीचा डबा काढला. "तिनं तुमच्या नावानं घेऊन ठेवली होती. खराब झाली असेल. पण मला टाकता येईना."

मी तिथेच डबा उघडून एक तुकडा तोंडात टाकला. किंचित आंबट लागला. बिघडल्यामुळे, की संत्र्याचाच आंबटपणा, मला ठरवता येईना.

"चांगली आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, पिशवीची घडी घालून खिशात ठेवली आणि जिना उतरून गेले. त्यानंतर ते वर्गाला आले नाहीत.