जेवून घे आधी

माझं तोंड फटकळ आहे. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली, त्यामुळं आवाजही मोठा. गल्लीत कुणाला चार शब्द सुनवायचे असले की बायका मला पुढं करतात. अशी मी, एकदा एक गोष्ट तासभर पोटात ठेवून बसले आणि वरून हसत वाढत राहिले. त्या तासात एका पोरीचं तिच्या बापाशी शेवटचं बोलणं राहून गेलं. कुणी मला त्याबद्दल बोल लावला नाही, म्हणून मीच लिहायला बसले आहे.

पोरगी अमेरिकेची. आली तेव्हा पंचवीस-सव्वीसची असेल. हुपरीत घरोघरी चांदीची पैंजणं करतात. त्यातलं कड्या जोडायचं काम बायका घरबसल्या कसं करतात, याचा तिला अभ्यास करायचा होता. हुपरी माझं माहेर. थोरल्या भावाच्या घरात पुढच्या सोप्यातच कारखाना. तिला राहायला कोल्हापूर हवं होतं, तर भावानं फोन केला, "तुझी वरची खोली मोकळीच हाय की," आणि दुसऱ्या दिवशी ही पाठीवर थोरलं ओझं घेऊन आमच्या दारात उभी. आमच्या यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मी म्हटलं, बघत काय बसलाय, बॅग घ्या तिच्या पाठीवरची.

मराठी ती पुण्यात थोडंफार शिकून आली होती, ते आम्ही चार महिन्यांत पार बिघडवून टाकलं. आमच्याकडच्या बायकांसारखी तीही 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणायला लागली. आठवड्यातून तीनदा एसटीनं हुपरीला जायची, भावाच्या सोप्यात बायकांत मांडी घालून बसायची आणि बोटं भाजून परत यायची. भाऊ तिला 'पावणी' म्हणायचा. त्यानं तिला डाग द्यायला शिकवलं, म्हणजे दोन कड्यांमधली फट चांदीनं सांधायला. त्या माणसानं कुणाला एवढ्या धीरानं काही शिकवलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

गल्लीतल्या बायका पहिल्याच आठवड्यात चौकशीला आल्या. लगीन झालंय? न्हाय. का बरं? कोण आवडला न्हाय. वडील काय करतात? शाळेची बस चालवतात. हे ऐकून बायकांची निराशाच झाली. अमेरिकेतसुद्धा बस चालवायला माणसं लागतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पोरीला मात्र त्या बापाचा कोण अभिमान. दर रविवारी संध्याकाळी गच्चीत बसून ती त्याच्याशी फोनवर बोलायची, तोंड बघत. तिकडं सकाळ असायची. मी वाळवण काढायला गेले की फोन माझ्याकडं फिरवायची. तिकडून एक टकला, दांडगा माणूस कॉफीचा पेला उंच करायचा आणि मोठ्यानं काहीतरी म्हणायचा. मी नमस्कार करायची. आमची ओळख एवढीच, पण होती.

ती खरं बोलायची, आणि तोंडावर बोलायची. शेजारणीनं पुरणपोळी दिली, कशी झालीय विचारलं, तर ही म्हणाली, लई गोड झालीया. शेजारीण आठ दिवस बोलली नाही. मी तिला रागावले, अगं, खरं असलं तरी असं तोंडावर सांगायचं असतं व्हय? तर मला विचारते, मग कुठं सांगायचं? मला हसू आवरेना. पण मनात आलं, हिला आमच्यात निभायचं म्हणजे बरंच शिकवावं लागणार.

पेठ वडगावला आमच्या नात्यातलं लग्न होतं, तिथं तिला घेऊन गेलो. माईकवरून अमेरिकेच्या पाहुण्यांचं स्वागत झालं. फेटा बांधला, तो सारखा डोळ्यांवर घसरायचा. नवरा-नवरीबरोबर निघाले नसतील तेवढे फोटो हिच्याबरोबर निघाले. जेवायला बसली आणि घोटाळा झाला. पानात टाकायचं नाही हे तिच्या आईनं शिकवलेलं, आणि रिकामं पान दिसलं की वाढायचं हे आम्हाला शिकवलेलं. ती संपवायची, वाढपी वाढायचे. किती जिलब्या पोटात गेल्या देव जाणे, दुसऱ्या दिवशी दिवसभर पोरगी अंथरुणातून उठली नाही. तेव्हा मी तिला शिकवलं, दोन्ही हात ताटावर आडवे धर आणि मान हलव. नुसतं तोंडानं नको म्हटलेलं आमच्यात कुणी ऐकत नाही. ताटावर हात धरले की मग मात्र वाढणाऱ्यानं थांबायचं असतं.

आमच्यात आणखी एक रीत आहे, ती मी तिला शिकवली नव्हती. ती शिकवायची कशी, ती आम्हालाच कुणी शिकवलेली नाही. माणूस गेला की लांबच्याला गेला असं कळवत नाहीत. 'तब्येत जरा बिघडलीया, तुझी आठवण काढायल्यात, निघून ये' असं सांगतात. ऐकणारा काय ते समजतो आणि समजलं नाही असं दाखवतो. माझी आई गेली तेव्हा हे मला शाळेतून न्यायला आले होते. आईला जरा बरं नाही म्हणाले. वाटेत गाडी थांबवून मला वडा-चहा दिला, नको म्हटलं तरी बळंच खायला लावला. हुपरीत घरासमोर चपलांचा ढीग दिसला तेव्हा मला कळलं. पुढं दोन दिवस घास उतरला नाही. तो वडा होता म्हणून उभी राहिले, असं मी कित्येक वर्षं कौतुकानं सांगत आले.

त्या रविवारी पोरगी पहाटेच पन्हाळ्याला चालत गेली होती, हुपरीच्या दोन पोरींबरोबर. घरात मटण शिजत होतं. दुपारी एकच्या सुमाराला माझा फोन वाजला. तिची आई. अडीअडचणीला असावा म्हणून पोरीनंच माझा नंबर तिला देऊन ठेवला होता. बाई सावकाश, एकेक शब्द सोडवून बोलली. वडिलांना हृदयाचा त्रास झालाय, दवाखान्यात आणलंय, ते तिची आठवण काढतायत, तिचा फोन लागत नाही, आल्या आल्या फोन करायला सांगा. माझं इंग्रजी शाळेपुरतं, पण मला सगळं समजलं. आल्याबरोबर सांगते म्हटलं आणि फोन ठेवला.

मी खुर्चीत बसले आणि यांना म्हटलं, "हिचा बाप गेला."

"असं म्हणाली ती?"

"असं कोण सांगतं व्हय?"

यांनी मान हलवली. त्यांनाही पटलं. दवाखान्यात नेलंय, आठवण काढतोय, मग राहिलं काय? आता घाई कशाची, असं आम्हा दोघांनाही वाटलं. घाई होती ती एवढीच की पोरगी पहाटेपासून उपाशी होती, आणि एकदा कळलं की विमानात बसेपर्यंत ती पाण्याला शिवणार नाही. हे मुंबईला जायला गाडी मिळते का बघायला बाहेर पडले. मी डोळे पुसून भाकरीला बसले.

ती दीडला आली. तोंड लालबुंद, बूट दारातच काढून टाकलेले. काकी, भूक, एवढंच म्हणाली. फोनची बॅटरी संपली होती. चार्जर कुठाय म्हणत जिन्याकडं निघाली, तर मीच तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि कपाटावर ठेवला.

"जेवून घे आधी," मी म्हटलं. "फोन कुठं पळून चाललाय?"

तिनं ऐकलं. चांगली माणसं ऐकतात. पांढरा रस्सा दोन वाट्या प्याली. वाटेत कुणी ताक पाजलं, कुणी फोटो काढले, कुणाच्या शेळीनं हिची ओढणी खाल्ली, सगळं हातवारे करून सांगत होती. मी हसत होते. दुसरी भाकरी संपली तसं तिनं दोन्ही हात ताटावर आडवे धरले, मी शिकवलं होतं तसे. मी ते हात बाजूला केले आणि तिसरी भाकरी वाढली. म्हटलं खा, आजच्या दिवस खा. ती हसली आणि खाल्ली तिनं. मग हात धुऊन आली तशी तिला पलंगावर जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, की वडिलांना दवाखान्यात नेलंय, आईचा फोन आला होता.

कधी, तिनं विचारलं. मघाशी, मी म्हटलं.

माझ्याच फोनवरून तिनं लावला. मी शेजारी उभी होते. तिकडून आई बोलत होती आणि पोरीचं तोंड बघता बघता पांढरं पडत गेलं. बाप शुद्धीवर होता. तासभर बोलत होता, पोरीला विचारत होता. पंधरा मिनिटांपूर्वी त्याची शुद्ध गेली आणि डॉक्टरांनी नळी घातली. आईनं फोन त्याच्या कानाला लावला. पोरगी किती वेळ बोलत राहिली, आधी मोठ्यानं, मग हळू. पलीकडून काही आलं नाही. दिवे लागायच्या आत तो गेला.

गाडी येईपर्यंत ती पायरीवर बसून होती. मी शेजारी बसले. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "मी जेवत होतो तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग?"

"मला वाटलं ते गेले."

"आई तर म्हणाली, ते मला विचारतायत."

आमच्यात तसंच म्हणतात, मी म्हटलं, आणि म्हणतानाच मला माझी लाज वाटली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "काकी, तो तास माझा होता." गाडी आली. मी वाटेसाठी भाकरी आणि चटणी बांधली होती, ते गाठोडं तिनं पायरीवरच ठेवलं. विसरली नव्हती, ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी ते गाईला घातलं.

एक गोष्ट मी तिला त्या दिवशी सांगितली नाही. दुपारी तिची आई माझ्याशी फोनवर बोलत होती तेव्हा मागून एक आवाज येत होता. पुरुषाचा, दमलेला. 'ती आहे का तिथं?' असं तो विचारत होता. दोनदा विचारलं. मला वाटलं, माणसं जमली असतील, त्यातला कुणी नातेवाईक. गच्चीत ऐकलेला तो मोठा आवाज आणि हा आवाज एकाच माणसाचा असेल हे मनातच आलं नाही, कारण माझ्या लेखी तो माणूस आधीच गेला होता. नंतर उमगलं, तर सांगायचं धाडस होईना. मी, जिला गल्ली पुढं करते, ती मी.

दोन वर्षं होत आली. दिवाळीला मी शुभेच्छा पाठवायची, तिचं उत्तर यायचं, दोन शब्दांचं. मग मागच्या थंडीत एका सकाळी हुपरीहून भाच्याचा फोन आला. "आत्ती, अप्पांना जरा बरं न्हाय. तुमची आठवण काढायल्यात. जेवून निघा."

अप्पा म्हणजे त्याचा बाप, माझा थोरला भाऊ. माझे हात पिठात होते. मी म्हटलं, खरं सांग, हाय का गेला? तो म्हणाला, तुम्ही या तर. मी तशीच निघाले. एसटीत खिडकीला बसले आणि तो तासभर माझं काय झालं ते मलाच ठाऊक. गेला असेल तर मला रडू द्या. असेल तर फोन त्याच्या कानाला लावा, मला बोलू द्या. दोन्हीतलं काहीच हातात नाही आणि शेजारची बाई मला पेरू देतेय. हुपरीत घरासमोर चपला होत्या. पहाटेच गेला होता. तुम्हाला वाटेत त्रास नको म्हणून, असं वहिनी म्हणाली. मी त्या घरात, मढ्यासमोर, भाच्यावर ओरडले. सगळ्यांना वाटलं, दुःखानं ओरडते आहे.

तेरावा झाला आणि संध्याकाळी घरी येऊन मी पोरीला फोन लावला. हे देवळात गेले होते. बरी आहेस का, काय चाललंय, काही विचारलं नाही. म्हटलं, "माझा भाऊ गेला. तेरा दिवस झाले." ती रडली. त्यानं शिकवलेला डाग अजून येतो म्हणाली. ती थांबल्यावर मी दुसरं सांगितलं. तुझ्या आईच्या मागं एक आवाज होता, तो तुझा बाप होता. 'ती आहे का तिथं' असं विचारत होता. दोनदा.

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

"परत सांगा," ती म्हणाली.

मी परत सांगितलं. ते म्हणाले तसं, त्यांच्या भाषेत सांगा, म्हणाली. माझ्या शाळेच्या इंग्रजीत मी ते तसंच म्हणून दाखवलं. मग तिनं विचारलं, आवाजात त्रास होता का? मी म्हटलं, दमलेला होता. घाबरलेला नव्हता. यात पदरचं काही घातलं नाही.

 मग एकदम आमच्या गल्लीतल्या सुरात म्हणाली, "काकी, जेवलासा का?"

सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. समोरच्याला काळजी नको म्हणून आपण व्हय म्हणतो, आयुष्यभर म्हणत आले. पण तिच्याशी आता तसं बोलायचं नव्हतं.

"न्हाय," मी म्हटलं.

"ताट घ्या," ती म्हणाली. "मी हाय फोनवर."

मी फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि भाकरी वाढून घेतली.