निपाणी ते बोम्मसंद्रा: हवेच्या टाकीवरचं कुंकू

नाही, आम्ही स्लीपर गाडीनं गेलो नाही. झोपून जायला मी काय आजारी आहे? दिवसाची सरकारी बस धरायची, खिडकीशी बसायचं, रस्ता बघत जायचं. आणि मी हे लिहीत बसलेली नाही, फोनात बोलतेय, तो लिहितोय. माझी शाळा सातवीत सुटली. चुका त्याच्या.

दसऱ्याला लेकीकडं जायचं असं मी ठरवलं ते सण म्हणून नाही. वैशाली बंगलोरच्या बोम्मसंद्र्यात डबे-खोकी करणाऱ्या कारखान्यात आहे, आणि गेल्या वर्षापासून तिथल्या आग विझवणाऱ्या टीममध्ये शिरली आहे. पगारात नाही, हौसेनं. फोनवर सांगायची, आई आज पाईप ओढला, आज धुरात गेलो. धुरात! पदरात पोरगी आहे, नवरा आहे, आणि ही धुरात. मी ह्यांना म्हटलं, चला, तिला त्यातनं काढून आणू. हे म्हणाले, दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा आहे, कारखान्यात घरच्यांना बोलावलंय, तेवढी पूजा बघू. ह्यांना पूजा म्हटलं की झालं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: निपाणीतनं पहाटे बसलात तर दुपारचं जेवण दावणगिरीच्या आसपास होतं. तिथं लोण्याचा बेण्णे डोसा खा, लोणी वरनं मागून घ्या, आपणहून जास्त घालत नाहीत. चित्रदुर्गाच्या पुढं उन्हाची बाजू बदलते, तेव्हा बसताना डावीकडं का उजवीकडं याचा फार विचार करू नका. सणाच्या आधी खाजगी गाड्यांचं तिकीट विचारूच नका, डोकं फिरेल. आणि मॅजेस्टिकच्या मोठ्या स्टँडपर्यंत बसमध्ये बसून राहू नका. यशवंतपूरला उतरा, मेट्रो धरा, आर.व्ही. रोडला गाडी बदला, ती सरळ बोम्मसंद्र्याला नेते. होसूर रोडच्या गर्दीत बसून म्हातारं व्हायचं असेल तर रिक्षा करा. बदलताना पिवळ्या लाईनीची गाडी जरा वेळानं येते, तेवढं उभं राहायला लागतं.

दुसऱ्या दिवशी पूजा. सगळी मशिनं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा, विभूतीचे पट्टे, केळीचे खुंट. फाटकात कोहळा फोडला, त्याच्यावर पाय घसरला असता माझा. सगळ्यांना कडलेपुरी, म्हणजे चुरमुरे-डाळं, आणि मिठाईचा पुडा. हे एकदम खूश. मी बघत होते कुठं बाहेर पडायचं दार आहे.

आग विझवणाऱ्यांचं सामान वेगळ्या खोलीत. कोट, टोप्या, बूट, आणि भिंतीला टांगलेल्या हवेच्या टाक्या. ऑक्सिजन नाही, आपली साधीच हवा, दाबून भरलेली. पाठीला टाकी, तोंडाला मास्क, आणि खांद्यावरनं पुढं येणाऱ्या नळीला एक गोल काच, घड्याळासारखी. हवा किती उरली ते काटा दाखवतो. हे सगळं मला मंजुनाथ सरांनी सांगितलं. ते अग्निशमनातनं रिटायर झालेले, या टीमला शिकवतात. कन्नडच बोलतात. आम्हाला येतं, निपाणीचे आम्ही.

"अम्मा, आत जाताना माणूस आपला बिल्ला मला देतो," ते म्हणाले. "मी तो या बोर्डावर लावतो. तो बाहेर आला की परत देतो. बिल्ला बोर्डावर असेल तर माणूस आत आहे, बास. मग त्याची आई येवो नाहीतर मंत्री येवो, मी इथनं हलत नाही."

"आणि वॉकीटॉकी?"

"ज्याला बोलायचं त्याचं नाव आधी, मग आपलं, मग काम. ऐकणारा ते परत म्हणून दाखवतो. उगाच गप्पा नाहीत."

मला आवडलं. आमच्या घरात अशी पद्धत असती तर अर्धी भांडणं झाली नसती.

तेवढ्यात ह्यांनी वैशालीच्या टाकीला हात लावला. ताटात ओलं कुंकू होतं. टाकीला बोट लावलं, टोपीला लावलं, आणि शेवटी त्या गोल काचेवर चांगला ठसठशीत मळवट.

"बास आता," मी म्हटलं. "तिला लढाईला पाठवताय का?"

"लेकीचं आहे ते. काही होणार नाही तिला."

वैशाली हसली. मग बापाच्या हट्टापायी टाकी पाठीला बांधून, मास्क चढवून, खुर्चीत बसून श्वास घेऊन दाखवला. बराच वेळ. हे कौतुकानं बघत बसले. तिची जोडीदारीण कावेरी म्हणाली, "अक्का, नंतर टाकी बदलून ठेव हं." वैशाली "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, म्हणाली.

बदलायला वेळ मिळाला नाही. जेवणाच्या पंगती चालू असताना भोंगा वाजला.

शेजारच्या शेडमध्ये पुठ्ठ्याचा ढीग होता, कुणीतरी पूजेचा दिवा तिथंच ठेवून गेलेलं. मी धूर बघितला तेव्हा तो काळा होता आणि खालनं येत होता. तिथला एक माणूस ओरडत होता की वॉचमन सापडत नाही, आत झोपला असेल. फायरब्रिगेडला फोन गेलेला, पण गाडी होसूर रोडवर अडकलेली. वैशाली आणि कावेरी पळत गेल्या, कोट चढवला, टाकी चढवली. मी उभी होते तिथनं मला दोघींचे बिल्ले बोर्डावर लागलेले दिसले. आणि मग दोघी पाईपला धरून दारातनं आत. दारात नुसता धूर.

माझ्या हातात मिठाईचा पुडा होता. तो मी कुठं टाकला माहीत नाही.

मंजुनाथ सर बोर्डाजवळ, वॉकीटॉकीवर त्यांचं नाव बेस. मी त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. कुणी हटकलं नाही, हटकलं असतं तरी हलले नसते. वॉकीटॉकीवर आवाज घोगरा येतो, मास्कमधनं बोलतात ना, ओळखीचं माणूस परकं वाटतं.

"वैशाली, बेस. प्रेशर सांग."

काही नाही. मग खरखर. मग तिचा आवाज, "बेस, वैशाली. काच दिसत नाही."

"धुरानं?"

"नाही सर. कुंकू आहे वर."

"मग पूस ना!"

तिचा हात काचेकडं जाणार नाही. मला लगेच कळलं, कारण मीच वाढवलीय तिला. आमच्यात कुंकू पुसत नाहीत. पुसणं हा शब्दसुद्धा तोंडातनं काढत नाहीत, बांगडी वाढवली म्हणतात, कुंकू मोठं केलं म्हणतात. आणि हे तर सणाचं, बापाच्या हातचं. भोंगा वाजला तेव्हा टाकी चढवताना तिनं काच बघितली असणार, कुंकू दिसलं असणार, आणि म्हणाली असणार, राहू दे, उद्या बघू. सकाळी टाकी भरलेली होती, तिनं स्वतः बघितलेली. पण त्यानंतर बापाला दाखवायला म्हणून किती हवा वापरली, ते कोण बघणार?

मी मागनं सरांचा हात धरला. "बटण दाबा."

"अम्मा—"

"दाबा म्हणते ना! वैशाली, आई बोलतेय. कुंकू पूस. आत्ताच्या आत्ता पूस ते!"

तिथं उभ्या असलेल्या बायका माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जसा काही मी तिच्या नवऱ्याला शापच दिला. हे माझ्या शेजारी होते. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

खरखर. श्वास ऐकू येत होता तिचा, लांब लांब.

"बेस, वैशाली. पुसलं. काटा लाल पट्टीच्या जवळ आहे."

सर एकदम शांत आवाजात म्हणाले, "वैशाली, कावेरी, बेस. दोघी बाहेर. पाईप सोडू नका. परत म्हणा."

"दोघी बाहेर. पाईप सोडायचा नाही."

एवढंच. मग वाट बघायची. मला वाटत होतं कुणीतरी पळत जाऊन आणावं तिला. सर बोर्डावरचे दोन बिल्ले बघत उभे होते. दारातनं आधी शिट्टी ऐकू आली. टाकीत हवा संपत आली की ती आपोआप वाजते. मग पाईप हलला. मग कावेरीचा कोट, आणि तिच्या खांद्याला धरून माझी लेक. सरांनी तिला तिचा बिल्ला परत दिला तेव्हा मी खाली बसले. जमीन ओली होती.

वॉचमन? तो फाटकाबाहेर कडलेपुरी खात होता. फायरब्रिगेड आली, त्यांनी आग विझवली, पुठ्ठा गेला, माणूस कुणाचा गेला नाही.

हे मला हळूच म्हणाले, "माझ्यामुळं?"

"हो," मी म्हटलं. काय खोटं बोलायचं?

पण सरांनी विचारलं तेव्हा वैशालीनं बापाचं नाव काढलं नाही. "काच मी बघायला पाहिजे होती," म्हणाली. ते म्हणाले, "हो. तूच. शिट्टी ही शेवटची सूचना असते, काच पहिली. बिल्ला दे इकडं, परत परीक्षा दे, तोपर्यंत आत जायचं नाही." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, तिचं तोंड बघवत नव्हतं.

संध्याकाळी घरी जावई शिफ्टवरनं आला. सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आई, मी ठणठणीत आहे बरं का. हात लावून बघा." तेवढ्यात जरा हसलो सगळे. मग मी विषय काढला. आयती वेळ होती. म्हटलं, देवानंच सांगितलंय, सोड आता हे.

"देवानं काही सांगितलं नाही. मी काच बघितली नाही."

"मेली असतीस."

"मेले असते. म्हणून परत शिकणार आहे. आणि आई, तिथं वॉचमन खरंच झोपलेला असता तर?"

मी उठून ताटं आपटत वाढायला घेतली. 

दसऱ्याच्या दिवशी आम्ही दोघं सरांना भेटायला गेलो. ह्यांनी हात जोडले, चूक माझी म्हणाले. सर म्हणाले, "स्वामी, पूजा नको म्हटलं तर उद्या टीममध्ये कुणी राहणार नाही. मी स्वतः नारळ फोडतो." मी म्हटलं, मग सामान कपाटात बंद करा आणि कपाटाच्या दाराला काय हवं ते लावा. माळा घाला, विभूती लावा, देवाला दार आणि टाकी सारखीच. ते म्हणाले, "सरी अम्मा." पुढच्या पूजेपासून तसंच करणार आहेत. ह्यांना पटलंय का, ते मी विचारलं नाही.

परतीची बस दिवसाचीच. तुमकूरपासून दावणगिरीपर्यंत हे खिडकीबाहेर बघत होते. डोसासुद्धा अर्धा टाकला. धारवाडला म्हणाले, "लेक धीराची आहे." मी म्हटलं, "म्हणूनच भीती वाटते."

आता निपाणीत आहे. ठिकाणं बघायला म्हणून बंगलोरला जायचं असेल तर जा, बागा आहेत, जयनगरात साड्या बऱ्या मिळतात, पाणी जिथंतिथं पिऊ नका. मला विचाराल तर मला त्या शहराचं नुसतं एक दार आठवतं, धूर भरलेलं. वैशालीनं परीक्षा दिली, पास झाली, बिल्ला परत मिळाला. ती टीममध्येच आहे. मी हो म्हटलेलं नाही आणि तिनं विचारलेलंही नाही. दुपारी तिचा फोन लागला नाही की मी गॅस बंद करते आणि दारात जाऊन उभी राहते. दारात उभं राहून बोम्मसंद्रा दिसत नाही, तेवढं मला कळतं. तरी उभी राहते. लागला की विचारते, जेवलीस का, आणि ठेवून देते.

तुम्ही तिला अडवलं का नाही, असं कुणी विचारायला येऊ नका. अडवलं. तिनं ऐकलं नाही. याच्यापुढं मी एक अक्षर बोलणार नाही.