लाँचची शाल

खाडीवर पूल झाल्यापासून शेजारच्या रोहिणीवहिनींची लाकडी लाँच काठावर पडून आहे. तरी दर नारळी पौर्णिमेआधी त्या तिला रंग देतात. यंदा ऐन रंगकामात रिसॉर्टचे मालक एक तज्ज्ञ घेऊन आले. तज्ज्ञाने बुडाच्या फळीत स्क्रूड्रायव्हर टोचला, तो सहज मुठीपर्यंत आत गेला.

“वहिनी, ही आता पाण्यात जात नाही,” मालक म्हणाले. “आमच्या लॉनवर ठेवू. आत फुलझाडं लावू. वारसा जपला जाईल.”

“हार घालायला ती मरेपर्यंत तरी थांबा,” वहिनी म्हणाल्या.

खरं तर मलाही तज्ज्ञाचं पटलं होतं. बूड बदलायचं, इंजिन खोलायचं, इतका खटाटोप कशाला? पण वारसा हा शब्द ऐकला आणि मी बिथरलो. माणसाच्या हातातलं काम काढून घेतल्यावरच आपण त्याला शाल पांघरतो. तशी ही लाँचची शाल होती. कुंड्यांनी भरलेल्या लाँचपेक्षा गळकी लाँच बरी. ती निदान पाण्याशी भांडते.

मी दुसरा ब्रश उचलला. तज्ज्ञाने पाडलेलं भोक रंगवायला गेलो, तर वहिनींनी हात धरला.

“तेवढं राहू दे. उद्या सुतार येईल, त्याला फळी कुठून काढायची ते दिसायला हवं.”